होमस्टेड काळातली ओंडक्यांची केबिन: दुरुस्तीआधी काय तपासावं, काय टाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहापासून दीड तासावर शेत घेतलं, त्यावरच्या पडक्या घराच्या बाहेरच्या फळ्या एका जागी निघाल्या आणि आत कुऱ्हाडीने तासलेले ओंडके दिसले. शेजारी म्हणतात, ही होमस्टेडची केबिन आहे, म्हणजे 1862 च्या कायद्याने सरकारकडून जमीन मिळवणाऱ्या कुटुंबाने बांधलेली. कंत्राटदाराचं म्हणणं असं की सगळ्या फळ्या काढा, मागची पडवी पाडा, ओंडके सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने घासून) उजळवा, फटींत सिमेंट भरा, वरून पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखं वॉर्निश) मारा आणि खाली काँक्रीटची स्लॅब टाका. त्याचं ऐकावं का?

नाही. एकाही बाबतीत नाही. का, ते सविस्तर सांगतो. पण त्याआधी आजच्या आज करायचं काम एवढंच: छपराला भोक असेल तर ते बुजवा आणि उघडा पडलेला भाग ताडपत्रीने झाका. ताडपत्री भिंतीला चिकटवू नका, मागे वारा खेळता राहू द्या. उरलेल्या फळ्यांना हात लावू नका. बाकी सगळं काम महिना-दोन महिने थांबलं तरी काही बिघडत नाही.

मी मिडवेस्टातल्या (अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या) जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतो आहे. वाऱ्या-पावसाने गेलेल्या केबिनी मी पाहिल्या आहेत, पण प्रेमाने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीने गेलेल्या त्याहून जास्त. तुमचं घर इतकी वर्षं टिकलंय ते त्या फळ्यांमुळे आणि त्या पडवीमुळे. कंत्राटदाराला नेमकं तेच काढायचं आहे.

हे घर असं का बांधलं गेलं, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. होमस्टेड कायद्यावर अब्राहम लिंकनने 20 मे 1862 रोजी सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो लागू झाला. वय 21 पूर्ण असलेली किंवा कुटुंबप्रमुख असलेली व्यक्ती, नागरिक असलेली किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेली, अमेरिकेविरुद्ध शस्त्र न उचललेली, अशा कोणालाही 160 एकरांवर दावा सांगता येत होता. फी सगळी मिळून 18 डॉलर. एकट्या बायकांनाही दावा करता येत होता, त्यामुळे तुमच्या कागदात बाईचं नाव निघालं तर चकित होऊ नका. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, घर बांधायचं आणि शेवटी दोन साक्षीदारांसह ते सिद्ध करून द्यायचं. म्हणजे पहिल्याच मोसमात डोक्यावर छप्पर, त्याच मोसमात नांगरट, हातात पैसा नाही आणि झाडं फक्त ओढ्याकाठी. पूर्व नेब्रास्कात ओढ्याकाठी मिळायचं ते बर ओक, कॉटनवुड, अक्रोड, अ‍ॅश, एल्म. एकाच घरात तीन-चार जातींचं लाकूड सापडतं ते म्हणूनच. जे झाड हाताशी ते भिंतीत. घर लहान, कारण ओंडका जितका लांब उचलता येईल तितकीच खोली.

आणि ही जमीन रिकामी नव्हती. या भागात ओटो-मिसुरिया लोक राहत. 1854 च्या तहाने त्यांनी आपली बहुतेक जमीन गमावली, बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात ते सरकले आणि 1881 मध्ये तिथूनही त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. तुम्ही घराबाहेर माहितीचा फलक लावणार म्हणता, तर त्यावरचा इतिहास पहिल्या ओंडक्यापासून सुरू करू नका.

आता कागद. ‘होमस्टेडची केबिन’ हे शेजाऱ्यांचं म्हणणं आधी पडताळा. त्या काळात जमीन रोख पैसे देऊनही मिळे, सैनिकांना सेवेबद्दल दिलेल्या जमिनीच्या हक्कपत्रावर (वॉरंटवर) मिळे, रेल्वे कंपनीकडूनही विकत घेता येई. तुमच्या खरेदीखतात सेक्शन, टाउनशिप आणि रेंज असे तीन आकडे असतील, सरकारी मोजणीत जमीन नेमकी कुठे ते सांगणारे. ते घेऊन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन खात्याच्या जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर शोधा. पहिल्या मालकाचं पेटंट, म्हणजे सरकारने दिलेली सनद, फुकट पाहता येते आणि जमीन कोणत्या कायद्याखाली दिली तेही त्यावर असतं. ती होमस्टेडची निघाली तर खरा खजिना पुढे आहे. नॅशनल आर्काइव्ह्जकडे (राष्ट्रीय अभिलेखागाराकडे) त्या दाव्याची पूर्ण फाइल असते, आणि त्यात शेवटच्या पुराव्याची जबानी.

ती जबानी किती बारीक असते त्याचा नमुना देतो. बीट्रिस गावाजवळचा डॅनियल फ्रीमन हा पहिल्याच दिवशी, 1 जानेवारी 1863 ला, ब्राउनव्हिलच्या कचेरीत दावा नोंदवणारा माणूस. त्याची जागा आज नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याकडे आहे, तिथे पार्क आहे. 1868 मध्ये त्याच्या साक्षीदारांनी लिहून दिलं: घर 14 बाय 20 फूट, काही भाग ओंडक्यांचा आणि काही चौकटीच्या बांधणीचा (लाकडी सांगाड्यावर फळ्या ठोकलेला), एक मजली, दोन दारं, दोन खिडक्या, शिंगलचं (पातळ लाकडी कौलांचं) छप्पर, फळ्यांची जमीन. सुमारे 35 एकर नांगरलेली आणि कुंपण घातलेली. तबेला, 100 फूट लांबीचा मेंढवाडा, मक्याची कणगी, सफरचंदाची 40 झाडं आणि पीचची सुमारे 400.

यातला ‘काही भाग ओंडक्यांचा आणि काही चौकटीचा’ हा तपशील पुन्हा वाचा. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या होमस्टेडांपैकी एकावरचं घर पाच वर्षांच्या आत मिश्र झालं होतं. निव्वळ ओंडक्यांची, उघड्या भिंतींची, जंगलात एकटी उभी असलेली केबिन हे चित्र बहुतेक जागी नंतरच्या काळाने रंगवलेलं आहे. खऱ्या कुटुंबांना ऊब हवी होती. करवतीच्या फळ्या परवडू लागल्या की ती ओंडक्यांवर फळ्या ठोकत, आतून चुना मारत, भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवत आणि मूल झालं की मागे पडवी काढत.

याच पार्कमध्ये पामर-एपार्ड केबिन आहे. ती मुद्दाम जाऊन बघा, तुम्हाला फार लांब नाही. जॉर्ज पामरने 1867 मध्ये ती बांधली: 14 बाय 16 फूट, मिश्र कठीण लाकडाची. त्या एका खोलीत आणि वरच्या माळ्यावर नवरा-बायको आणि दहा मुलं राहिली. 1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात मागे 10 बाय 12 फुटांची पडवी जोडली गेली. पुढे एपार्ड कुटुंबाने तिथे जवळजवळ 40 वर्षं संसार केला. 1950 मध्ये ती पार्कला मिळाली आणि मूळ जागेवरून हलवून तिथे नेली. तिथे उभं राहिलं की कळतं, दहा मुलांच्या घरात पडवी ही नंतरची भर नव्हती, ती गरज होती. तुमच्या घरामागची पडवी पाडून तुम्ही घर ‘मूळ रूपात’ आणणार नाही, त्याच्या इतिहासाची अर्धी पानं फाडणार.

इथे जीर्णोद्धाराचा सगळ्यात अवघड प्रश्न येतो: घर कोणत्या वर्षावर आणायचं? सरकारी मानकांत चार वेगळे मार्ग आहेत: आहे ते जपणं, आजच्या वापरासाठी सुधारणं, एका ठरावीक काळावर परत नेणं, आणि गेलेलं नव्याने उभारणं. लोकांना तिसरा मार्ग आवडतो, पण तो निवडला की त्या काळानंतरचं सगळं काढावं लागतं, आणि त्या काळाचं घर कसं होतं याचा भक्कम पुरावा हातात असावा लागतो. तुमच्यासारख्या घराला मी पहिला मार्ग सुचवीन. आहे ते जपा. लोकांना ओंडके दाखवायचे असतील तर आतल्या बाजूने एक खिडकीवजा भाग उघडा ठेवा, तेवढं पुरतं.

कागदाच्या जोडीला लाकूड वाचा. कोपऱ्यातला सांधा पाहा. दोन ओंडके एकमेकांत कसे बसवलेत यावरून सुताराची घडण कळते: गोल खाच, उलट्या व्ही आकाराची खाच, चौकोनी खाच किंवा अर्धा डवटेल (पारव्याच्या शेपटीच्या अर्ध्या आकाराची खाच). या अर्ध्या डवटेलचा वरचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे कोपऱ्यात पाणी थांबत नाही आणि ओंडका बाहेरही सरकत नाही. मला स्वतःला हा सांधा फार आवडतो. हातात कुऱ्हाड, करवत आणि पटाशी, एवढ्यावर केलेलं हे काम आहे. स्वीडिश, फिनिश हातचं काम असेल तर ओंडक्याच्या पोटाला लांब खोबण करून तो खालच्यावर घट्ट बसवलेला दिसतो, फट जवळजवळ नसते. तुमच्याकडे रुंद फटी आहेत, म्हणजे ती पद्धत नव्हे.

ओंडक्याच्या तोंडावर टॉर्च आडवी धरा, भिंतीला जवळजवळ समांतर. हातभर अंतरावर उभे, खोल घाव दिसतील आणि त्यांच्यामध्ये रुंद, सपाट तासलेले पट्टे. घाव म्हणजे आधी ओंडक्याला ठरावीक अंतराने खाचा पाडल्या, मग मधल्या ढलप्या उडवल्या आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तोंड साफ केलं. कारागीर उजवा होता की डावा, हेसुद्धा कधी कधी त्या पट्ट्यांच्या कलावरून सांगता येतं. सँडब्लास्ट केलं की सगळ्यात आधी हेच जातं. वाळूचा मारा लाकडाचा मऊ भाग खातो, कठीण शिरा उरतात, आणि त्या खरबरीत पृष्ठभागावर पाणी जास्त धरतं. प्रेशर वॉशही नको, तो पाणी थेट भेगांत घालतो. धूळ काढायला मऊ ब्रश पुरे.

खिळे जपून ठेवा. चौकोनी, निमुळते, पत्र्यातून कापलेले खिळे असतील तर काम साधारण 1890 च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. गोल तारेचे खिळे त्यानंतर सर्रास झाले. फळ्या कोणत्या खिळ्यांनी ठोकल्यात त्यावरून फळ्या कधी आल्या ते कळेल, पडवीचंही तसंच. कुठल्या भागातून कोणता खिळा निघाला ते पाकिटावर लिहा. आणि एखाद्या ओंडक्याला साल शिल्लक असेल तर ती अजिबात सोलू नका. सालीखालचं शेवटचं वर्षवलय शाबूत असेल तर वलयांच्या अभ्यासाने झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगता येतं.

आता पाणी. दुरुस्तीचा नव्वद टक्के विचार हाच आहे. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी त्याला खाऊ शकत नाही. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घ्या, महाग नसतो, आणि प्रत्येक भिंतीचे आकडे कागदावर नकाशासारखे मांडा. मग एक टोच्या घेऊन खालच्या ओंडक्यापासून सुरुवात करा. चांगल्या लाकडात टोक अडतं. सडक्यात लोण्यासारखं जातं. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐका, पोकळ ओंडका लगेच कळतो. बहुधा तुम्हाला असं आढळेल: सगळ्यात खालचा ओंडका एका-दोन बाजूंनी गेलाय, खिडक्यांच्या खालचा भाग मऊ झालाय, आणि वरचं बाकी लाकूड ठणठणीत आहे. ओकचा बाहेरचा इंचभर थर भुसा झाला तरी आतला गाभा पक्का असतो, म्हणून वरून बघून ओंडका फेकायला काढू नका. कॉटनवुडचा मात्र भरवसा नाही, तो आतपर्यंत तपासा.

खालचा ओंडका का सडतो? मूळ घर कोपऱ्यांतल्या दगडांवर उभं होतं, खालून वारा जायचा. दीडशे वर्षांत अंगणातली माती चढत गेली, छपराच्या पागोळ्या त्या मातीवर पडून भिंतीवर उडू लागल्या. उपाय साधा आहे आणि त्यात काँक्रीट नाही. घराभोवतीची माती उतरवा, ओंडका जमिनीपासून निदान 8 इंच वर दिसला पाहिजे. उतार घरापासून बाहेर करा. पण माती उतरवताना फावडं हळू चालवा. काच, बटणं, चिनी मातीचे तुकडे, हाडं निघतील, ती कुठे आणि किती खोल सापडली ते लिहा. खाली स्लॅब टाकली की जमिनीतली ओल बाहेर पडायला वाट न मिळाल्याने कडेने वर चढते आणि थेट त्या ओंडक्यात जाते.

छपरावर आता गंजका पत्रा आहे म्हणता. गळत नसेल तर राहू द्या. त्यानेच घर वाचवलंय. पुढे कधी लाकडी शिंगल घालायचं ठरवलं तर ते प्लायवुडवर ठोकू नका; अंतर सोडून ठोकलेल्या पट्ट्यांवर घाला, म्हणजे शिंगल दोन्ही बाजूंनी सुकतं.

फटींतलं भरण हा तर माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मूळ कामात दोन थर असतात: आधी लाकडाच्या ढलप्या, पाचरी, दगडाचे तुकडे ठोकून फट भरलेली, आणि त्यावर माती-चुना-वाळूचं लिंपण, कधी केस किंवा गवत घालून. ओंडका पावसाळ्यात फुगतो, हिवाळ्यात आकसतो. लिंपण मऊ असल्याने ते सोबत थोडं हलतं, तडकलं तर दुरुस्त होतं आणि आतली ओल त्यातून बाहेर पडते. पोर्टलँड सिमेंट हलत नाही. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या आणि ओंडक्याच्या मध्ये केसाएवढी फट पडते, पाऊस तिथून आत जातो आणि बाहेर येऊ शकत नाही. कोकणात जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारल्यावर ओल कशी कोंडते ते तुम्ही पाहिलंच असेल, इथे तेच लाकडाच्या बाबतीत होतं, फरक एवढाच की लाकूड सडतं.

तर काय करायचं? जुनं लिंपण जिथे घट्ट आहे तिथे ते तसंच ठेवा. सुटलेल्या तुकड्यांचा नमुना जपा आणि वाळूचा रंग, दाणा त्याच्याशी जुळवा. नवं लिंपण चुन्याचं, दोन हातांत, पहिला हात खरबरीत. वरची कड वरच्या ओंडक्याच्या पोटाखाली थोडी आत सरकलेली असावी, म्हणजे त्या ओंडक्याची धार पन्हळीसारखी पाणी बाहेर टाकते. तिथून लिंपण बाहेरच्या अंगाला उतरतं यावं. खालच्या ओंडक्याच्या पाठीवर पाणी थांबेल असा कट्टा कुठेही राहता कामा नये. बोट फिरवून पाहा. काम झाल्यावर ओलं गोणपाट टांगून ते सावकाश सुकू द्या.

पॉलियुरेथेनचं एका वाक्यात: तो थर पाणी आत जाणं पूर्ण थांबवत नाही, पण बाहेर पडणं नक्की थांबवतो. किडीसाठी बोरेटचं (बोरॉनच्या क्षाराचं) द्रावण मारता येतं, मात्र ते पावसाने धुऊन जातं, म्हणून फळ्यांच्या आड असलेल्या ओंडक्यांवरच त्याचा खरा उपयोग. भुंग्याची भोकं दिसली म्हणून घाबरू नका. भोकाखाली ताजी, पिठासारखी भुकटी पडते का ते पाहा, नसेल तर कीड बहुधा कधीच निघून गेलेली असते.

खालचा सडका ओंडका बदलायचा तर हे काम स्वतः करू नका. घर जॅकवर घेताना एका वेळी इंचाचा लहानसा भाग, मग थांबायचं, सांध्यांचा आवाज ऐकायचा, चौकटी तपासायच्या. त्याआधी भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभ्या जाड फळ्या लावून त्या बोल्टने आवळतात, आणि ते बोल्ट ओंडक्याला भोक न पाडता फटींतून आरपार नेतात. सुताराला विचारा, बोल्ट कुठून नेणार? उत्तर ऐकूनच त्याने हे काम पूर्वी केलंय की नाही ते समजेल. पूर्ण ओंडका बदलण्याऐवजी सडकं टोक कापून त्याच जातीच्या, तशाच वाळलेल्या लाकडाचा जोड देता येतो. जोडाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही, तिथे वर्ष कोरा. पुढच्या माणसाला नवं-जुनं ओळखता आलं पाहिजे.

केबिन तुमच्या नव्या घरामागे हलवण्याचा विचार सोडून द्या. हलवलेली वास्तू नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्रीय यादीत, सहसा घेतली जात नाही, आणि विहीर, ओढा, दाराची दिशा यांच्याशी तिचं नातं तुटतं. अनुदानाबद्दल: 20 टक्क्यांची केंद्रीय करसवलत फक्त उत्पन्न देणाऱ्या, प्रमाणित ऐतिहासिक वास्तूंना मिळते, स्वतः राहायच्या घराला नाही. तरीही लिंकन शहरातल्या हिस्टरी नेब्रास्का या संस्थेत राज्याचं वारसा-जतन कार्यालय आहे, त्यांना फोटो पाठवा. जुना रंग खरवडण्याआधी शिशाची चाचणी करा, आणि उंदरांच्या लेंड्या असतील तर मास्क घालून, आधी जंतुनाशकाने ओल्या करूनच उचला. मुलांना तोवर आत सोडू नका.

या मोसमात माती उतरवणं, छप्पर, कागदपत्रं आणि ओलाव्याचा नकाशा एवढं करा. चुन्याचं लिंपण गोठणाऱ्या थंडीत धरत नाही, रात्रीचं तापमान 40 फॅरनहाइटच्या खाली जाऊ लागलं की ते काम वसंतावर टाका. सांध्यांचे जवळून, उजेड आडवा धरून काढलेले फोटो आणि मीटरचे आकडे इथेच टाका, कोणता ओंडका वाचेल आणि कोणाला जोड लागेल ते एकेक करून सांगतो.